मे महिन्यातलं सभागृह कोणाचं?

नगरपंचायतीचं सभागृह मे महिन्यात कोणाला द्यायचं, यावरून गेले आठ दिवस गावातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर रणकंदन चालू आहे. एका बाजूला दरवर्षीचा उन्हाळी कलावर्ग, दुसऱ्या बाजूला कपडे आणि गृहोपयोगी वस्तूंचा 'भव्य सेल'. सेलवाले वीस दिवसांचं भाडं आगाऊ भरायला तयार आहेत. विषय पुढच्या सभेत येणार आहे. ग्रुपवर लिहिलेलं दोन तासांत वर सरकून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधीच सांगतो, सेलवाल्यांशी माझं काही वाकडं नाही. नगरपंचायतीला उत्पन्न लागतं, हेही मान्य. सभागृहाचं लाईट बिल, डागडुजी, वॉचमनचा पगार हे कुठून तरी यायला हवंच. पण एका माजी नगरसेवकांनी ग्रुपवर लिहिलं, "मुलांचे खेळ काय, कुठेही होतील. शाळेच्या पडवीत घ्या." त्याला धडाधड अंगठे आले. ते अंगठे बघून लिहायला बसलो. ज्याला आपण 'मुलांचे खेळ' म्हणतोय, ते नक्की काय आहे हे एकदा नीट बघू. मग सभागृह कोणाला द्यायचं ते ठरवा.

शाळेतली चित्रकला गेली कुठे?

माझ्या वयाच्या लोकांना हायस्कूलमधले ड्रॉइंगचे सर आठवत असतील. ए.टी.डी. झालेले, हाताला कायम खडू. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षांना ते रविवारी सकाळी मुलांना बोलावून बसवायचे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वर्गातली निम्मी मुलं पुढे चित्रकार झाली नाहीत, होणारही नव्हती. पण समोर ठेवलेला तांब्या नीट बघायचा असतो आणि दिसतो तसाच काढायचा असतो, एवढं तरी प्रत्येकाला कळलं.

आज तालुक्यात फिरून बघा. सर निवृत्त झाले, जागा भरली नाही, तास गणिताच्या बाईंनी घेतला, असं सांगणारे पालक तुम्हालाही भेटतील. प्राथमिक शाळांचं तर विचारूच नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलंय. ऐकायला छान. पण कधी? तर पट शंभराच्या वर असेल तेव्हा. आता आपल्या कोकणातल्या वाडीवस्तीवरच्या शाळांचे पट डोळ्यांसमोर आणा. वीस मुलं, तीस मुलं. म्हणजे ज्या मुलांच्या घरी रंगपेटी नाही, जवळपास क्लास नाही, नेमक्या त्यांच्याच शाळेला कायद्याने कलेचा माणूस मिळत नाही.

मग चित्रकला उरते कुठे? दहावीच्या वाढीव गुणांत. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तर ७, 'ब'ला ५, 'क'ला ३. गुण मिळतात याबद्दल तक्रार नाही, त्या निमित्ताने मुलं परीक्षेला तरी बसतात. पण कलावर्गात नाव घालायला आलेले पालक पहिला प्रश्न विचारतात, "ह्याचे मार्क मिळतात काय?" आणि उत्तर 'नाही' आलं की काही जण तसेच परत जातात.

या सगळ्यात मे महिन्यातले ते बारा दिवस बसवून बघा. गावातल्या बऱ्याच मुलांसाठी वर्षभरातला कलेचा खराखुरा तास तेवढाच.

मी तिथे काय पाहिलं

गेल्या मेमध्ये पुरवणीसाठी लेख करायचा म्हणून त्या वर्गात तीन सकाळी बसलो होतो. फी दोनशे रुपये, आणि ज्याला जमत नाही त्याला माफ. त्यामुळे येणारी मुलं सगळ्या थरांतली होती. मुंबईहून सुट्टीला आलेली चाकरमान्यांची मुलं, बाजारपेठेतल्या दुकानदारांची, मच्छीमारांची, आणि चिरेखाणीवर कामाला आलेल्या परप्रांतीय मजुरांची दोन मुलं.

त्यातला एक मुलगा दहा-अकराचा असेल. मराठी मोडकं, पहिला दिवसभर गप्प. दुसऱ्या दिवशी माती मळायला दिली तेव्हा बाकीची मुलं मातीचा गोळा घेऊन लगेच हत्ती, गणपती करायला लागली. हा मात्र मातीतले खडे एकेक करून वेचत बसला. पंधरा-वीस मिनिटं. शिकवणाऱ्या मूर्तिकारांनी ते बघितलं आणि सगळ्यांना थांबवून सांगितलं, "ह्येका बघा. माती आधी अशी साफ करूची." खडा राहिला तर वाळताना तिथेच चीर जाते, हे त्या मुलाला कोणी शिकवलं नव्हतं. पण दगड-माती हातात घेऊन तो वाढलेला. तिसऱ्या दिवशी तो बोलायला लागला होता. दुकानदाराचा मुलगा त्याला विचारत होता, माझी माती बघ, झाली काय?

शाळेत हा मुलगा भाषेमुळे मागे. त्या बारा दिवसांत तो कोणाच्या तरी पुढे होता. मला यापेक्षा जास्त काही सिद्ध करायचं नाही.

आता यंदाचं गणित बघा. सभागृह मिळालं नाही तर मंडळाला खाजगी हॉल घ्यावा लागेल. मग फी दीड हजाराच्या आसपास जाईल, असं त्यांचं म्हणणं. दीड हजारात चाकरमान्यांची मुलं येतील, दुकानदारांची येतील. खाणीवरचं पोर येणार नाही, आणि ते आलं नाही म्हणून कोणी विचारणारही नाही.

'शाळेची पडवी घ्या' म्हणणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मे महिन्यात शाळा बंद, चावी मुख्याध्यापकांकडे, ते त्यांच्या गावी. पडवीवर पत्रा, त्याखाली अकरा वाजता बसून दाखवा. मातीकामाला पाणी लागतं, आणि केलेली वस्तू सावलीत हळूहळू वाळावी लागते. उन्हात वाळली की तडकली. रात्री कुलपात ठेवायला जागा लागते, नाहीतर सकाळी कुत्र्या-मांजरांनी प्रदर्शन मांडलेलं असतं. सभागृहात मोरी आहे, सावली आहे, कुलूप आहे. मंडळ उगाच हट्ट धरत नाहीये.

आपल्याकडे 'शाळा' कशाला म्हणतात?

कोकणात गणपती जिथे घडतात त्या जागेला आपण कारखाना म्हणत नाही. गणपतीची शाळा म्हणतो. हा शब्द आपल्या इतका तोंडात बसलाय की त्याचा अर्थही आपल्याला आता ऐकू येत नाही. पावसाळ्यात शाळा सुटली की दप्तर टाकून मुलं त्या दुसऱ्या शाळेत जायची. आधी नुसतं बघायचं. मग माती मळून द्यायची. मग उंदीर करायला मिळायचा, मग हात, मग रंग. डोळे आखायचं काम मात्र थोरल्या मूर्तिकाराचं. वर्षानुवर्षं फी नाही, प्रवेशअर्ज नाही, आणि शिकणं मात्र पक्कं.

पण त्या शाळेलाही दार होतं आणि ते सगळ्यांना उघडं नव्हतं. आत बसणारे बहुतेक मुलगे. मुली दारातून बघून जायच्या. आणि एकूणच आपल्याकडच्या कला घराण्यांत, आळ्यांत, जातींत वाटलेल्या. चितारी रंगवणार, कुंभार मडकी करणार, बुरूड टोपल्या विणणार, ठाकर बाहुल्या नाचवणार. दुसऱ्याच्या पोराने ते शिकायचा प्रश्नच नव्हता. घरातल्या पोराने पुण्या-मुंबईला नोकरी धरली की ती कला तिथेच थांबायची.

गावाचा खुला कलावर्ग हे दार सगळ्यांसाठी उघडतो. गेल्या वर्षी मातीकामाच्या गटात मुली जास्त होत्या, मी मोजल्या होत्या.

शिकवायची जागा तयार झाली की कला कशी तगते, याचं उदाहरण लांब शोधायला नको. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. गोल पत्ते, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, म्हणजे १२० पत्ते. छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला, रंगवणारे हातही विरळ झाले. १९७०च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी लक्ष घातलं. ज्येष्ठ कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून घेतली गेली आणि राजवाड्यातच तरुण हातांना काम आणि शिक्षण सुरू झालं. आज पर्यटक राजवाड्यात जाऊन ते काम बघतात, विकत घेतात. तो गंजिफा कोणाच्या भाषणाने वाचला नाही. बसायला जागा, शिकवायला माणूस आणि त्या माणसाला दिलेली किंमत, यांनी वाचला.

कुडाळजवळच्या पिंगुळीत तर राजवाडाही नव्हता. परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं ते आपल्या गुरांच्या गोठ्यात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा जिल्ह्यात फटाके फुटले, आपल्या गावातही अभिनंदनाचे फलक लागले. गोठ्याची कलेसाठी जागा करणाऱ्या माणसाचं अभिनंदन करायचं, आणि आपलं तयार सभागृह मात्र बारा दिवस द्यायला नको?

वर्ग चालवणाऱ्यांनाही चार शब्द

एकतर्फी लिहिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हेही लिहितो. मंडळाच्या वर्गात सगळं आलबेल आहे असं नाही.

पहिलं, उद्घाटन. तीन तासांच्या सकाळीतला दीड तास पाहुण्यांच्या स्वागतात जातो. मुलं सतरंजीवर घामाने निथळत बसलेली आणि व्यासपीठावर शाल-श्रीफळ. हे बंद करा. नारळ फोडायची हौसच असेल तर शेवटच्या दिवशी फोडा आणि करवंट्या मुलांना द्या, त्याचं काहीतरी होईल.

दुसरं, 'बारा दिवसांत बारा वस्तू' हा सोस. बाजारातून आणलेलं किट, त्यावर नंबर, त्याप्रमाणे चिकटवायचं. शेवटच्या दिवशी प्रदर्शनात चाळीस एकसारखे पेनस्टँड. त्यातले निम्मे तर घरी आईने चिकटवलेले. पालक खूश, फोटो छान, आणि मुलाच्या हाताला काहीच आलं नाही. त्यापेक्षा बारा दिवसांत दोनच वस्तू होऊ देत, पण त्या वाकड्या का होईना त्याच्या स्वतःच्या असू देत.

तिसरं, वारली. वारली शिकवा, जरूर शिकवा. पण कॉफीच्या मगवर दोन त्रिकोण जोडले की वारली झाली, असं शिकवू नका. लग्नाचा चौक कोण लिहायचं, गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने का काढायचे, जिव्या सोमा मशे कोण होते, हे पाच मिनिटं सांगायला काय हरकत आहे? आणि पालघरची वारली शिकवताना आपल्याच जिल्ह्यातली चित्रकथी का शिकवत नाही? पिंगुळी आपल्यापासून किती लांब आहे?

चौथं, साहित्य. रंगीत फोमशीट, ग्लिटर, प्लास्टिकची फुलं. सगळं बाहेरून विकत आणलेलं. आपल्याकडे चुडतं पडून कुजतायत, सुपारीच्या विऱ्या वाऱ्यावर उडतायत, बांबू आहे, लाल माती आहे. झाप विणता येणारी माणसं आता गावात हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. त्यातल्या एका आजींना दोन सकाळी बोलवा. साहित्याचा खर्च शून्य.

शिकवणाऱ्याचा दिवस

यातला सगळ्यात नाजूक विषय पैशाचा, आणि तो कोणी काढत नाही. आपण कारागिराला बोलावतो आणि हातात श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि 'सन्मानपत्र' देतो. डॉक्टरांना कधी गुलाबाचं फूल देऊन तपासून घेतो का? एका मूर्तिकारांना विचारलं, यंदा येणार का? ते म्हणाले, "शिकवूक माझी ना नाय. पण दिस मोडता, तेचा काय?"

त्यांचं चूक काय? एकदा मिरग लागला की शेती, त्यापाठोपाठ गणपतीचं काम. हाताला थोडी उसंत असते ती मेमध्येच. ती त्यांनी गावाच्या मुलांना द्यायची असेल तर गावाने तिची किंमत मोजावी.

हिशेब अवघड नाही. रोज चार कारागीर, प्रत्येकी एक हजार रुपये, बारा दिवस. होतात ४८,००० रुपये. वर मातीचे, कागदाचे, रंगांचे थोडे धरा. निवडणुकीच्या वर्षात एकेका प्रभागात जे फ्लेक्स लागतात त्यांचा खर्च आठवा आणि मग सांगा ही रक्कम मोठी आहे का. गावात देणारे हात आहेत. मागणारा कोणी नाही, कारण हे मागण्यासारखं काम आहे असं आपल्याला वाटतच नाही.

वाचनालयाबद्दल आपल्याला तसं वाटत नाही. १९६७ मध्ये राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळायला लागलं. ते अपुरं असेल, उशिरा येत असेल, पण पुस्तक वाचायला मिळणं ही सार्वजनिक गरज आहे हे तत्त्व तरी ठरलं. वाचनालयाच्या जागेत सेल लावू या, असं आज कोणी उघड बोलणार नाही. हाताने काही करायला शिकणं ही तशीच गरज आहे, हे अजून ठरायचं आहे.

सरकारच्या कागदावर मात्र ते आलंय. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं, असं लिहिलंय. अशी संधी सुट्टीच्या काळातही देता येईल, हेही त्यात आहे. म्हणजे दिल्लीहून जे करा म्हणून सांगितलं जातंय, ते आपल्या गावात एक मंडळ आधीपासून करतंय, आणि आपण त्याला सभागृहाबाहेर काढायला निघालोय.

मग करायचं काय?

मे महिना ३१ दिवसांचा आहे. वर्गाला बारा दिवस दिले तरी एकोणीस दिवस भाड्याला मोकळे राहतात. सेल वीसऐवजी एकोणीस दिवस चालला म्हणून त्यांचं दिवाळं निघणार नाही. माझ्या मते सभेने एवढं करावं:

१. दरवर्षी मेचे पहिले बारा दिवस सभागृह कलावर्गाला विनामूल्य, असा कायमचा ठराव करावा. दरवर्षी अर्ज, विनवण्या, शिफारशी हा खेळ संपवावा.

२. त्या बदल्यात मंडळावर अटी घालाव्यात. फी दोनशेच्या वर नाही, न जमणाऱ्याला माफ, जमाखर्च सभागृहाच्या फलकावर लावायचा. फुकट जागा घेतली तर हिशेब उघडा ठेवावाच लागेल.

३. शिकवणाऱ्या प्रत्येक कारागिराला रोजचं मानधन, रोख किंवा खात्यावर, वर्ग संपायच्या आत. त्याचा निम्मा भार नगरपंचायतीने उचलावा, निम्मा देणगीतून.

४. खाणीवर, वाडीवर, बंदरावर जाऊन मुलांची नावं घ्यावीत. फलक लावून वाट बघत बसलं तर तीच ती बाजारपेठेतली मुलं येतात.

यातला एकही मुद्दा क्रांतिकारक नाही. चार नगरसेवकांनी मनावर घेतलं तर पंधरा मिनिटांत ठराव होतो.

सभा येत्या आठवड्यात आहे. आपापल्या नगरसेवकाला एक फोन करा, भेटले तर दोन शब्द बोला. तुम्हाला सेलच हवा असेल तर तसंही मोकळेपणाने सांगा, तोही तुमचा हक्क. खाली कमेंटमध्ये वाद घाला, फक्त मंडळातल्या किंवा सेलवाल्या कोणा व्यक्तीवर घसरू नका. आणि तुमच्या ओळखीत झाप विणणारं, बांबूकाम करणारं, बाहुल्या करणारं कोणी असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. यादी करतोय. ठराव कसाही होवो, ती यादी मंडळाला उपयोगी पडेल.